पायातली वहाण आणि हातातली आरी

१

‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण शाळेतल्या पुस्तकात शिकलो. शिक्षकांनी तिचा अर्थ सांगितला : ज्याची जी जागा असेल तिथेच त्याने राहावे. आम्ही तो अर्थ वहीत उतरून घेतला आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले. मात्र ती वहाण ज्याने शिवली त्याची जागा कोणती, हे वर्गात कुणी विचारले नाही. विचारायची गरजही नव्हती, कारण ती सगळ्यांना ठाऊक होती.

माझा आज्जा गावच्या बलुतेदारांपैकी एक होता. पाटलाच्या, कुलकर्ण्याच्या आणि कुणब्यांच्या पायांची मापे त्याला तोंडपाठ होती. त्याने केलेली पायताणे घालून माणसे चावडीवर कर्रकर्र वाजवत जात. आज्जा स्वतः मात्र पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना आपली पायताणे काढून काखेत मारी. स्वतःच्या हाताने शिवलेली वस्तू स्वतःच्या पायात घालायची त्याला चोरी होती. ही हकिगत एकट्या माझ्या आज्ज्याची नाही. या मजकुराच्या निम्म्या वाचकांच्या घरी ती थोड्याफार फरकाने सांगितली गेली असेल.

हे जुने झाले, असे कुणी म्हणेल. २०१८ साली गुजरातेत एका तेरा वर्षांच्या दलित मुलाला मोजडी घातली म्हणून मारहाण झाली. तेव्हा पायताण ही केवळ पायाचे रक्षण करणारी वस्तू आहे असे आपल्या देशात तरी म्हणता येत नाही. ती कोण घालतो, कोण काढतो आणि कोण शिवतो, यावर माणसाची पायरी ठरत आली आहे.

आज याच पायताणाकडे उंची वस्तू विकणाऱ्या जगाचे लक्ष गेले आहे. म्हणून उंची जोडा म्हणजे काय, तो कसा तयार होतो, त्याची किंमत कशातून येते आणि त्यातले किती शिवणाऱ्याच्या हाती पडते, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. रागावण्याआधी आणि हुरळून जाण्याआधीही.

२

पुरुषांच्या उंची जोड्यांची जुनी ठिकाणे म्हणजे लंडन, इंग्लंडमधलेच नॉर्दॅम्प्टन, पॅरिस आणि इटलीतली काही शहरे. लंडनच्या कारागिराकडे गिऱ्हाईक जाते तेव्हा तो आधी दोन्ही पायांची मापे वेगवेगळी घेतो, कारण कुणाचेही दोन पाय सारखे नसतात. त्या मापावरून लाकडाचा फर्मा कोरला जातो. हा फर्मा म्हणजे त्या माणसाच्या पायाची लाकडी प्रतच. तो दुकानात जपून ठेवतात आणि पुढचे सगळे जोडे त्याच्यावरच बेततात.

मग कातडे बेतले जाते. वरच्या भागासाठी बहुधा वासराचे मऊ कातडे आणि तळासाठी जाड, टणक कातडे वापरतात. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात तळाचे कातडे अजूनही ओक झाडाच्या सालीच्या पाण्यात वर्षभर मुरवण्याची जुनी रीत टिकून आहे. बेतलेले तुकडे शिवून झाले की ते फर्म्यावर ताणून बसवतात. त्यानंतर येते ते खरे कसबाचे काम. आतल्या तळाच्या कडेला एक धार कोरायची, वाकड्या आरीने भोक पाडायचे आणि मेण लावलेल्या दोऱ्याची दोन टोके दोन्ही बाजूंनी ओवून वरचे कातडे, आतला तळ आणि कडेने फिरणारी कातड्याची पट्टी एकत्र आवळायची. या पट्टीला वेल्ट म्हणतात. बाहेरचा तळ या वेल्टला शिवलेला असतो. त्यामुळे तो झिजला तर उसवून नवा लावता येतो आणि वरचा जोडा शाबूत राहतो. नीट राखलेला असा जोडा वीस-पंचवीस वर्षे सहज चालतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हे वेल्ट शिवण्याचे यंत्र निघाले. ते गुडइयर या नावाने ओळखले जाते. नॉर्दॅम्प्टनचे कारखाने बहुतांशी याच यंत्रावर उभे आहेत. तेव्हा ‘हातचा जोडा’ म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे माणसाच्या हाताने यंत्रावर धरून केलेले असते. खरोखर हातशिलाईचा, मापाने केलेला जोडा लंडनमध्ये चार-पाच हजार पौंडांना आणि त्याहूनही अधिक किमतीला जातो. तो मिळायला कित्येक महिने थांबावे लागते, आणि थांबणाऱ्या श्रीमंताला त्या थांबण्याचाही अभिमान वाटतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. युरोपातही चांभारकाम मानाचे नव्हते. इटलीच्या साल्वातोरे फेरागामोचा जन्म १८९८ साली नेपल्सजवळच्या एका खेड्यात झाला. चौदा भावंडांच्या या गरीब घरातही मुलाने जोडे शिवावेत हे आईबापांना कमीपणाचे वाटत होते. तरी तो शिकला, अमेरिकेला गेला, नटनट्यांचे जोडे केले, परत येऊन फ्लॉरेन्सला दुकान थाटले आणि जोड्यावर स्वतःचे नाव घातले. लंडनचा जॉन लॉब हा कॉर्नवॉलमधल्या शेतकरी घरातला पोरगा. त्याचेही नाव १८६६ पासून दुकानाच्या पाटीवर आहे. दरिद्री माणसाने कसब शिकावे, कसबावर नाव मिळवावे आणि त्या नावावर किंमत घ्यावी, असा हा रस्ता आहे. तो सोपा नव्हता, पण बंदही नव्हता.

आणखी एक गोष्ट. तिथल्या जोडे करणाऱ्यांची संघटना होती. लंडनच्या जोडेकारांच्या संघाला १४३९ साली राजाची सनद मिळाली. पुढे कारखाने आल्यावर कामगार संघ उभे राहिले. नॉर्दॅम्प्टनच्या जहाल जोडेकारांनी १८८० साली चार्ल्स ब्रॅडलॉ या उघड नास्तिकाला पार्लमेंटमध्ये निवडून पाठवले. देवाच्या नावाच्या शपथेवरून पार्लमेंटने त्याला सहा वर्षे जागेवर बसू दिले नाही, तरी मतदारांनी त्यालाच पुन्हा पुन्हा निवडून दिले. १९०५ साली जवळच्या राँड्स गावी सैन्याचे बूट हाताने शिवणाऱ्यांची मजुरी ठेकेदारांनी पाडली. तेव्हा ११५ कामगार पायी चालत लंडनला गेले, त्यांनी युद्धखात्याचे दार ठोठावले आणि मजुरीचा दर ठरवून घेतला. उंची इंग्रजी जोड्याच्या किमतीत हा इतिहासही शिवलेला आहे.

३

आता आपल्याकडे वळू.

कोल्हापुरी पायताणाचे कसब यापेक्षा हलके आहे काय? ते आधी पाहू. कच्चे कातडे मिठातून काढून पाण्यात भिजवतात. मग ते चुन्याच्या हौदात टाकतात, म्हणजे केस सुटतात. केस आणि मांस खरवडून, धुऊन ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. शेवटी कातड्याची पखालीसारखी थैली शिवतात, तिच्यात साल आणि रस भरतात आणि ती टांगून ठेवतात. रस आतून झिरपत कातड्याच्या रंध्रारंध्रात मुरतो. थैली उलटी करून पुन्हा टांगतात. या सगळ्याला काही आठवडे लागतात. ओकच्या सालीत मुरवलेल्या इंग्रजी कातड्याचे जे शास्त्र, तेच या बाभळीच्या सालीचे. फरक इतकाच की त्या हौदावर काम करणाऱ्याला तिथे कसबी म्हणतात आणि इथे त्याच्या कामाचे नाव हीच त्याला दिलेली शिवी आहे.

कमावण्याचे हे काम ढोर समाजाने केले आणि शिवण्याचे चांभार समाजाने. तळाला बहुधा म्हशीचे कातडे लागते, पट्ट्याला आणि वेणीला बकऱ्याचे. रापीने कातडे सोलून पातळ करायचे, तळाच्या दोन थरांमध्ये कान बसवायचे, वर पट्टा आणि अंगठा घालायचा. खिळा नाही. कातड्याच्याच वादीने तळ शिवायचा. कापशी, बक्कलनाली, पुकरी अशी घाटाघाटांची नावे आहेत. पट्ट्यावरची बारीक वेणी घरातल्या बायका विणतात. चूल, पोर आणि पाणी सांभाळून त्या वेणी घालतात. ही वेणीच पायताणाचा दिमाख असते, पण ‘कारागीर’ या शब्दात त्या बायका कुणी मोजत नाही.

मग इतके कसब असून त्याला किंमत का आली नाही? याचे उत्तर बलुत्यात आहे. बलुतेदाराला जोडामागे दाम नव्हता. वर्षभर गावाच्या वहाणा, मोटा, नाडे, चाबूक करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन पदरात पडेल तेवढे धान्य घ्यायचे. जिथे वस्तूला दामच नाही तिथे चांगल्या वस्तूचा दाम वाईट वस्तूपेक्षा जास्त असतो, हे कसे कळणार? कसब वाढवले म्हणून बलुते वाढत नव्हते, आणि कसब नको म्हटले तर गाव सोडावे लागत होते. जातिव्यवस्था ही नुसती कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. त्याचा अर्थ चांभाराच्या अंगणात अगदी उघड दिसतो. लंडनच्या संघाने माणसाला धंद्यात घेतले आणि धंद्याला संरक्षण दिले. इथल्या जातीने माणसाला धंद्यात कोंडले आणि संरक्षण मात्र धंद्याचा लाभ घेणाऱ्याला दिले.

बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांच्या शरणांमध्ये ढोर कक्कय्या होते आणि हरळय्याही होते. हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने बसवण्णांसाठी आपल्या मांडीच्या कातड्याची पायताणे केली, अशी कथा आहे. ती पायताणे घालायची आपली योग्यता नाही, असे बसवण्णा म्हणाले. कथा पुष्कळांना ठाऊक असते आणि तिच्यातली भक्ती सगळ्यांना आवडते. पुढचे कमी सांगितले जाते. याच हरळय्यांच्या मुलाचे लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाले आणि त्या अपराधाबद्दल दोन्ही बापांना देहान्त शासन झाले. चांभाराने आपले कातडे सोलून दिले तर तो भक्त ठरतो आणि सोयरीक केली तर गुन्हेगार. आजही आपल्या कसबाचे कौतुक ऐकताना ही गोष्ट विसरू नये.

४

२२ जून २०२५ रोजी मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या उंची कपड्यांचा फेरा भरवला. त्यातल्या काही तरुणांच्या पायात जी वस्तू होती ती कोल्हापूरच्या कुठल्याही पोराने ओळखली असती. कंपनीने तिला ‘चामड्याच्या सँडल’ एवढेच म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचे नाही, देशाचेही नाही. ओरड झाली. महाराष्ट्राच्या व्यापारी संघटनेने पत्र धाडले. मग हे घाट भारतीय हातकामाच्या परंपरेवरून सुचल्याचे कंपनीने मान्य केले. जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका झाली, ती त्याच महिन्यात फेटाळली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे बाबू जगजीवन राम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी करार केला. दोन्ही राज्यांत २,००० जोड करून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोला एक असे विकायचे, असे जाहीर झाले.

या प्रकरणात कायदा काय सांगतो ते कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक ओळख मिळाली. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तिच्यावर हक्क आहे. नोंद आहे ती वर सांगितलेल्या दोन महामंडळांच्या नावे. ही नोंद नावाचे रक्षण करते. या आठ जिल्ह्यांबाहेर केलेली चप्पल कुणी ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली तर ती नोंद आड येते. पण कुणी घाट उचलला आणि नाव घेतलेच नाही, तर ती फारशी उपयोगी पडत नाही. शिवाय हा आपल्या देशाचा कायदा आहे, तो मिलानला आपोआप लागू होत नाही. म्हणजे नाव न घेणे हा कंपनीचा विसरभोळेपणा असो वा नसो, कायद्याच्या दृष्टीने ती सोय होती.

नाव न घेणे आम्हाला नवीन नाही. ते परदेशी कंपनीने सुरू केलेले नाही. कोल्हापुरातले मोठे दुकानदार कोण आणि आरी हातात धरणारे कोण, याची यादी करा. मुंबईत धारावीच्या माळ्यांवर पट्टे, पाकिटे, पिशव्या शिवल्या जातात. त्यांच्यावर कुणाचे नाव उमटते? जूनमध्ये जी ओरड झाली तिच्यात ‘महाराष्ट्राची अस्मिता’, ‘भारताचा वारसा’ असे शब्द पुष्कळ होते. ‘चांभार’ आणि ‘ढोर’ हे शब्द मात्र अगदी थोड्यांनी उच्चारले. चप्पल चोरीला गेली तेव्हा ती सगळ्या राज्याची झाली. ती शिवली जात होती तेव्हा ती फक्त आमच्या गल्लीची होती.

५

आता हिशेब. २,००० जोड आणि ८०० युरो, म्हणजे १६ लाख युरो. एका जोडाचे आपल्या पैशांत ऐंशी हजारांहून अधिक रुपये होतात. कोल्हापूरच्या बाजारात चांगला जोड हजार-दोन हजारांना मिळतो आणि त्यातला मोठा भाग कातडे, दलाल आणि दुकान यांत जातो. हा चाळीस ते ऐंशी पटींचा फरक कातड्यातून येत नाही, टाक्यातूनही येत नाही. तो नावातून येतो. नाव म्हणजे दुकानाची पाटी, जाहिरात, मिलानचा रस्ता आणि गिऱ्हाइकाची प्रतिष्ठा. याच कंपनीने १९९९ साली नॉर्दॅम्प्टनचा चर्चेस हा १८७३ पासूनचा जोड्यांचा कारखाना विकत घेतला होता. तेव्हा जोड्यावर चर्चेस हे नाव कायम राहिले, कारण त्या नावालाच किंमत होती. आपल्या कसबाचे नाव कुणाच्या दप्तरी इतक्या किमतीचे नव्हते.

म्हणून अशा करारासंबंधी विचारायचे प्रश्न साधे आहेत. जोडामागे शिवणाऱ्याला किती? कमावणाऱ्याला किती? वेणी घालणाऱ्या बाईला वेगळी मजुरी आहे की ती नवऱ्याच्या मजुरीत बुडाली? जोड्याच्या आत कारागिराचे नाव येणार का? दोन हजार जोड संपले की पुढे काय? महामंडळे कारागिरांच्या नावाने उभी आहेत, तेव्हा हे प्रश्न विचारण्याचा अधिकार कारागिरांना आहे.

दुसरा प्रश्न कच्च्या मालाचा आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस वगळली गेली, तरी कातड्याचा व्यवहार करणाराच संशयाच्या नजरेखाली आला. ११ जुलै २०१६ रोजी उनाजवळ मोटा समढियाळा गावच्या दलित तरुणांना मेलेल्या गाईचे कातडे काढले म्हणून उघडे करून मारले गेले. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीपुढे आणून टाकली : तुमची माता, तुम्हीच सांभाळा. कातडे सोलणाऱ्याच्या पाठीवर काठी आणि कातडे घालणाऱ्याच्या पायाला ऐंशी हजार, ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत. एकाच दशकात ती आपण पाहिली.

६

आमच्यातले काही सुशिक्षित म्हणतात, हा घाणेरडा धंदा सुटला हेच बरे. मेलेली ढोरे ओढू नका, हे बाबासाहेबांनी १९२७ पासून सांगितले. ज्यांनी ते ऐकले त्यांची मुले शिकली. ते खरे आहे आणि त्यात तसूभर बदल करायचे कारण नाही. दुसरीकडे सरकार आणि कंपन्या सांगतात, हा तुमचा थोर वारसा आहे, तो सोडू नका. वारसा जपा असे सांगणाऱ्याने आपला मुलगा रापी धरायला पाठवला तर आपण त्याचे म्हणणे अधिक लक्षपूर्वक ऐकू.

आपली भूमिका या दोहोंपेक्षा वेगळी असावी. धंदा सोडण्याचा हक्क आणि धंदा मानाने करण्याचा हक्क, हे दोन्ही एकाच हक्काचे भाग आहेत. निवड माणसाची असावी, जन्माची नसावी. उद्या एखाद्या ब्राह्मणाच्या पोरीने चर्मकाम शिकावे आणि चांभाराच्या पोराने न्यायाधीश व्हावे, आणि दोघांच्याही कामाला दाम असावा. मुंबईत सुधीर राजभर या तरुणाने आपल्या पिशव्यांच्या उद्योगाला ‘चमार’ हेच नाव दिले. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्याने दुकानावर लावला. अशा एका पाटीने जात मोडत नाही. पण लपवलेले नाव उघड्यावर येते, आणि लढ्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

आणि चांगल्या जोड्याशी आपले भांडण नाही. बाबासाहेबांचा प्रत्येक पुतळा पाहा. अंगात कोट, गळ्यात टाय, पायात बूट. ज्या समाजाला अनवाणी ठेवले त्या समाजाने आपला माणूस बुटासकट उभा केला. नीटनेटका पोशाख ही चैन असते, तशी ती घोषणाही असते. म्हणून मिलानच्या तरुणाने कोल्हापुरी पायताण घालावे, खुशाल घालावे. फक्त ते कुणी कमावले, कुणी शिवले, कुणी वेणी घातली, हे त्याला माहीत असावे आणि त्यांचा दाम त्यांना पोचलेला असावा.

आज्जा गेला तेव्हा त्याची आरी, रापी आणि ऐरण वडिलांनी एका फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली. मी शिक्षक झालो. पहिल्या पगारातून मी बूट घेतले आणि ते घालून गावात गेलो. वाड्यापुढे आलो तेव्हा, खरे सांगतो, माझी पावले क्षणभर अडली. कुणी अडवले नव्हते. मी तसाच पुढे चालत गेलो. तो क्षण ज्यांच्या वाट्याला अजून येतो त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.